पारीवरचा वाटा

साकोली
४ जानेवारी २०१९, शुक्रवार

पाहुणे येणार हे आज नक्की झालं. मेक्सिकोतल्या कुठल्याशा मोठ्या तळ्यावर मासेमारी करणाऱ्या चार बाया आणि दोन पुरुष. नागपूरच्या एका संस्थेने त्यांना आणलं आहे. संक्रांतीच्या आसपास तीन-चार दिवस ते टोलीच्या, म्हणजे आमच्या मासेमार वस्तीच्या, मोठ्या तलावावर असतील. मंगरू स्वतः सांगायला आला. मासेमार सोसायटीचा अध्यक्ष, तरी दारातच चपला काढून उभा राहिला. "बाई, बोलाचं तं तुमालेच हाय," म्हणाला.

मलाच. दुसरं कोण बोलणार? जिल्हा फुटला, नवेगावबांध गोंदियाकडे गेला, तेव्हा या चौकात "तलाव कागदावर वाटता येतात, पाणी वाटता येत नाही" असं कोण बोललं होतं? टोलीचा तलाव बाहेरच्या ठेकेदाराच्या घशात जात होता तेव्हा तहसीलच्या पायरीवर उभं राहून कोणाचा घसा बसला? वीस वर्षं हा तलाव माझ्या तोंडाने बोलतो आहे.

व्यवस्था अशी ठरली. मंगरू आणि त्याची बायको सखाबाई आपल्या बोलीत सांगतील. मी त्याचं इंग्रजी करीन. त्या इंग्रजीचं स्पॅनिश करील खुशबू. ही त्यांचीच मुलगी, आठवी ते दहावी माझ्याकडे इंग्रजी शिकलेली. पुण्यात एका कंपनीत फोनवर बोलण्याचं काम करता करता स्पॅनिश शिकली, आता सहा महिन्यांपासून घरीच बसून तेच काम करते.

मी आनंदात आहे. माझी विद्यार्थिनी माझं भाषण साता समुद्रापार नेणार. गुरूला आणखी काय हवं?

७ जानेवारी, सोमवार

आज खुशबू पुस्तिका घेऊन बसली होती. टोलीच्या रीतींवर मी इंग्रजीत लिहिलेली बारा पानी पुस्तिका, तिचं स्पॅनिश करून पाहुण्यांच्या हातात द्यायचं आहे. 'पार'ला बांध, 'महाजाळा'ला मोठं जाळं, इथवर सगळं सुरळीत झालं. अडलं ते 'शेअर'पाशी.

वाट्याची रीत मीच पहिल्यांदा कागदावर आणली. महाजाळ ओढलं की मासे पारीवर ओततात आणि त्या वेळी पारीवर जो कोणी उभा असेल त्याला वाटा मिळतो. जाळ्याला हात लावलेला असो वा नसो, टोलीचा असो वा रस्त्याने चाललेला. वाटप संपलं की मंगरू ओरडतो, "राहिलं का कोनाचं?" कोणी काही बोललं नाही की मगच जाळं पुन्हा पाण्यात जातं. या वाट्याला मी इंग्रजीत 'शेअर' लिहिलं. दुसरा शब्दच नाही.

खुशबू म्हणाली, "मॅडम, या एका शब्दाले तिकडे चार-पाच शब्द हायेत. कोनता घेऊ?"

मी काही तयारीशिवाय बसले नव्हते. नागपूरहून इंग्रजी-स्पॅनिश कोश मागवला आहे. तिच्या देखत उघडला. पार्ते, म्हणजे नुसता भाग, भाकरीचा तुकडाही पार्तेच. कुओता, म्हणजे कोटा, कोणीतरी वरून ठरवून दिलेला. रासिओन, म्हणजे सरळ रेशन. रेशन म्हटलं की रांग आली, उपकार आले. आणि अक्सिओन. तिथे माझं बोट थांबलं. मालकीतला हिस्सा हा एक अर्थ, कृती हा दुसरा. जो कृती करतो तो मालक. माझ्या वीस वर्षांच्या भाषणांचं सार त्या परक्या भाषेने एका शब्दात बांधून ठेवलं होतं. मला खरोखर भरून आलं.

खुशबूने पेन्सिल चावली. "मॅडम, अक्सिओन म्हंजे कंपनीचा शेअर. बाजारात इकते तो. त्यायले वाटन का तलावाची कंपनी हाय."

"आणि कृतीचं काय?"

"कृती कायची? पारीवर उभा रायनारा काईच करत नाई ना. तरी भेटते त्याले."

मी म्हणाले, "फोनवर गिऱ्हाइकांशी बोलायची स्पॅनिश वेगळी आणि विचारांची वेगळी."

 तिने समासात पेन्सिलने 'पार्ते' लिहून पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि ती उठली. जाताना पाया पडली. पाया पडली तेही मला आवडलं नाही.

८ जानेवारी, मंगळवार

भय्याजी दुकानातून जेवायला आले. आमच्या या नवऱ्याला गाव भय्याजी म्हणतं, तेव्हा मीही तेच म्हणते. कोसा रेशमाच्या साड्यांचा धंदा, बोलणं साडीसारखं घडी घातलेलं. शब्दाचं सगळं प्रकरण त्यांना सांगितलं. म्हणाले, "पोरगी दोन वर्षं त्याच लोकायशी दिवसभर बोलली. तू किती बोलली?"

"मी कोश वाचला."

"हाव, मंग ठीक आहे," म्हणाले आणि वरण मागितलं.

११ जानेवारी, शुक्रवार

टोलीत तयारी पाहायला गेले होते. समाजमंदिराला चुना मारून झाला आहे. सखाबाई पारीवर जाळं दुरुस्त करत बसली होती. एरवी मला पाहिलं की उठते, पदर सावरते, "बसा बाई" म्हणते. आजही म्हणाली, पण खुशबू शेजारी बसून तिला स्पॅनिश नमस्कार शिकवत होती आणि सखाबाईला हसू आवरत नव्हतं. "बुएनोस दीयास व माय. माह्या तोंडात तं गोटे भरल्यावानी वाटते."

वीस वर्षांत सखाबाई माझ्यासमोर कधी अशी हसली नाही. मी तिला किती मंचांवर नेलं. ती दोन वाक्यं बोलायची, मी त्यावर अर्धा तास बोलायचे, आणि लोक म्हणायचे, काय बोलली सखाबाई.

खुशबूबद्दल माझ्या मनात काही नाही. फक्त एवढंच वाटतं की मुलीने घाई करू नये. सोपं करण्याच्या नादात विचार पातळ होतो.

१४ जानेवारी, सोमवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

पाहुणे आले. समाजमंदिरात टोली झाडून सगळी. पाहुण्यांतली म्होरकी एल्विरा नावाची साठीची बाई, हात सखाबाईसारखेच, दोरीने चिरलेले. मी उभी राहिले. इंग्रजीत बोलले. माझ्या मते अलीकडच्या काळातलं माझं हे सगळ्यांत चांगलं भाषण. लांब पल्ल्याची वाक्यं, श्वास कुठे घ्यायचा ते ठरवलेलं. मी थांबले की खुशबू बोलायची. माझ्या पाच वाक्यांचं तिचं दीड वाक्य व्हायचं. आणि पाहुणे हसायचे. मी विनोद केलेलाच नव्हता. ठेकेदाराच्या प्रसंगी तर मी आवाज चढवला होता, तिथे एल्विरा मांडीवर थाप मारून हसली.

नंतर विचारलं तर खुशबू म्हणाली, "मी सांगतलं, ठेकेदार मॅडमचं भाषण आयकून पळाला, चप्पल इथंच राह्यली. खरं हाय ना ते?"

खरं आहे. पण माझ्या भाषणात ते नव्हतं.

पुढचं याहून वाईट. सखाबाई उठली. तिने तलावाबद्दल सांगायला सुरुवात केली, बाप कसा बुडाला, तिने जाळं कसं हातात घेतलं. मी माईक धरून इंग्रजी वाक्य मनात जुळवत होते. सखाबाई थांबली, मी तोंड उघडलं, आणि तोवर खुशबू बोलून मोकळीही झाली होती. आईच्या तोंडून थेट स्पॅनिशमध्ये. मधल्या इंग्रजीची कोणाला आठवणच झाली नाही. सखाबाई पुढे बोलली, खुशबू पुढे बोलली. एल्विरा उठून सखाबाईजवळ गेली आणि तिचा हात हातात धरून बसली. सगळी टोली रडत होती.

मी माईक धरून उभी होते. बंद करावा की कोणाला द्यावा ते कळेना. शेवटी टेबलावर ठेवला, तर तो किंचाळला आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

भाषांतर म्हणजे पूल, असं मीच वर्गात शिकवत आले. पूल असताना कोणी उथळ पाण्यातून चालत गेलं तर पुलाने काय करावं, हे मला कोणी शिकवलेलं नाही.

१५ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

आज महाजाळ होतं. जाणार नव्हते, न गेल्यास लोक काय म्हणतील म्हणून गेले. वीस वर्षांत एकही महाजाळ चुकवलेलं नाही.

तलाव सुंदर दिसत होता, हे कबूल करायला हवं. माणसं छातीभर पाण्यात, दोन्हीकडून जाळं ओढत, मंगरू हाळी देतोय. पाहुण्यांपैकी तिघं पाण्यात उतरली. एल्विराने लुगड्यासारखा झगा खोचला आणि सरळ सखाबाईच्या शेजारी दोर धरला. मी पारीवर, नेहमीच्या जागी, पळसाखाली. पूर्वी बाहेरचे लोक आले की माझ्याभोवती कोंडाळं असे. आज ते खुशबूभोवती होतं.

मासे ओतले, वाटप सुरू झालं. एल्विराने विचारलं, हे सगळ्यांना का देता. खुशबूने काही सांगितलं, त्यात मला 'पार्ते' ऐकू आलं. मग ती अडली, योग्य शब्द शोधत राहिली. मला राहवलं नाही. मी मोठ्याने म्हणाले, "अक्सिओन." माझा आवाज पाण्यावरून पलीकडे जाऊन परत आला.

एल्विरा माझ्याकडे वळली. नम्रपणे काहीतरी विचारलं. खुशबूला ते मराठीत सांगायचं नव्हतं, पण मी आग्रह धरला. "त्या इचारून रायल्या का एक शेअर कितीले भेटते. आन सगळ्यात जास्त शेअर कोनापाशी हायेत."

मंगरू हसला. मग सगळेच हसले. सखाबाईसुद्धा, पदर तोंडावर घेऊन. खुशबूने घाईघाईने एल्विराला काही समजावलं. तीही हसली, माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला.

डोकं चढलं म्हणून मी निघाले. वाटप चालूच होतं. मागून कोणी "बाई, थांबा ना, बाई" ओरडलं, बहुतेक मंगरू. मी वळले नाही. ज्यांचं काही काम उरलेलं नाही, त्यांनी शोभेला उभं राहू नये.

घरी आले तर शेजारचा इश्वर कुंपणावरून डोकावला. "मॅडम, आज महाजाळ व्हतं ना? मासोळी नाई आनली?" आम्ही दोघंही मासे खात नाही. मी आणलेला मासा दर वर्षी इश्वरच्याच घरी जातो. बायकोने मसाला वाटून ठेवला आहे म्हणे. माणसाला दुसऱ्याच्या डोकेदुखीपेक्षा आपलं कालवण मोठं. मी तिळगुळाची वाटी त्याच्या हातात ठेवली आणि आत आले.

'गोड बोला' म्हणायचं राहिलं.

१६ जानेवारी, बुधवार

आज एक बातमी कळली. नोंदवून ठेवते.

आजही महाजाळ टाकायचं ठरलं होतं, पाहुणे स्वतः ओढणार होते. पण जाळं पाण्यात गेलंच नाही. भय्याजींना दुकानात टोलीचा ताराचंद भेटला, त्याने सांगितलं. सकाळपासून पाहुणे पारीवर बसून आहेत, जाळं काठीवर वाळतंय, कोणी पाण्यात पाय घालत नाही. कोणाचा तरी वाटा राहिला आहे म्हणे.

कोणाचा ते ताराचंदने सांगितलं नाही. "तो माह्याकडे पाहून नुसताच हासला," भय्याजी म्हणाले आणि माझ्याकडे पाहत बसले.

मी म्हणाले, "पाहताय काय? एवढी माणसं, एवढा गोंधळ, राहणारच कोणाचा तरी. ताराचंदचाच राहिला असेल, तो प्यायलेला असतो. माझ्या हाती सगळं होतं तेव्हा असं कधी झालं नाही. भाषा येणं वेगळं आणि कार्यक्रम पेलणं वेगळं."

"हाव," भय्याजी म्हणाले. "तू काल मासोळी नाही आणली."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. इश्वर इचारत होता."

खोटं कशाला लिहू, दुपारी मला छान झोप लागली. खुशबू आता त्या एल्विराला काय सांगत असेल? 'वाटा राहिला' याचं स्पॅनिश करून दाखव म्हणावं.

१७ जानेवारी, गुरुवार

सकाळी अंगणात तिघी उभ्या होत्या. सखाबाई, खुशबू आणि एल्विरा. सखाबाईच्या डोक्यावर पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी हंडा, त्याच्या तोंडावर ओलं फडकं. मला वाटलं, मनधरणीला आल्या. मी खुर्च्या मांडल्या. कोणी बसलं नाही.

सखाबाईने गुंड खाली ठेवला. आत मरळ, हातभर लांब, जिवंत. थोड्याशा पाण्यात दोन दिवस तग धरून होती. फडकं काढताच तिने शेपटी मारली आणि माझ्या जोत्यावर पाणी उडालं.

"बाई," सखाबाई म्हणाली, "तुमी वाटा टाकून काहून गेल्या?"

मला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. इतका वेळ का लागला, ते मी इथे लिहिणार नाही.

मी म्हणाले, "माझ्यासाठी दोन दिवस जाळं थांबवलं? सांगून तरी पाठवायचं."

"सांगून पाठवलं तं तो वाटा कायचा, बोलावनं झालं. ज्याचा त्यानं यावं लागते. आमाले वाटलं याल. तुमालेच तं रीत ठाव हाय, पुस्तक लिवलं तुमी." यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं. "आज दुपारी पावने चालले. थांबून थांबून मीच म्हनलं, चाल व खुशबू, रीत मोडली तं मोडली, बाईले घेऊन येऊ."

मी माझी बाजू मांडली. मांडायलाच हवी होती. म्हणाले, "सखाबाई, परवा मी काय केलं? दोर ओढला नाही. बोलणं तुझ्या मुलीने केलं. माझा वाटा कशाचा? आजवर तुम्ही मानाने देत होता, मी घेत होते. आता उगाच दान कशाला?"

सखाबाई माझ्याकडे पाहतच राहिली. आमच्या शाळेत एखादं पोर सोपं स्पेलिंग चुकलं की मी तशी पाहते.

"तुमाले दिलं कोनं बाई? तुमचा हाय ना थो. पारीवर तुमी व्हत्या."

"नुसती उभी होते."

"मंग? सगडेच उभे रायते."

एल्विराने खुशबूला काही विचारलं. खुशबूने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तीन-चार शब्दांत सांगितलं. एल्विराने मान हलवली, मरळीकडे बोट केलं, माझ्याकडे बोट केलं आणि तेच शब्द पुन्हा म्हणाली. अगदी रोजच्या बोलण्यातले असावेत, मीठ दे म्हणावं तसे.

"काय म्हणालीस तू?" मी विचारलं.

"ले तोका. म्हनलं, हे त्यायले तोका." खुशबू म्हणाली. "म्हंजे, त्यायच्या वाट्याले आलं. सुख बी आलं तं असंच म्हनतात तिकडे, दुख बी. खेळात आपला नंबर आला तरी तोकाच. परवा पारीवर हेच आठवून रायली व्हती मी. तेवढ्यात..."

तेवढ्यात मी ओरडले होते. तिने ते म्हटलं नाही.

मी आत जाऊन कोश आणला. 'शेअर'खाली पाहिलं. पार्ते, कुओता, रासिओन, अक्सिओन. तोका नव्हता. उभ्या उभ्या सगळी नोंद पुन्हा वाचली. नव्हता. इंग्रजीतून गेलं असतं तर तिथे पोचताच आलं नसतं.

"पारीवर चाला आता," सखाबाई म्हणाली. "वाटा तिथंच घ्या लागते. पावन्यायले निंगाच्या पयले एकडाव जाळं दिसू द्या."

मी चप्पल घातली. इश्वर कुंपणावर होताच. गुंडाकडे पाहून म्हणाला, "मॅडम, परत नेऊन रायल्या का?" भय्याजी त्याला म्हणाले, "गप बस बे. येते वापस."

आता पारीवरचं. सगळी टोली जमली होती. मंगरूने मरळ गुंडातून काढली, पळसाच्या पानांवर माझ्यापुढे ठेवली. मी उचलली. ती निसटली, पुन्हा उचलली. कोणी हसलं नाही. मग मंगरू पाण्याकडे तोंड करून ओरडला, "राहिलं का कोनाचं?"

आणि सगळे माझ्याकडे पाहू लागले.

रीतीप्रमाणे याला उत्तर नसतं. गप्प राहणं हेच उत्तर. पुस्तिकेच्या पाचव्या पानावर मीच ते लिहिलं आहे. पण इतकी माणसं, इतकी शांतता आणि सगळ्यांचे डोळे माझ्यावर, असं असताना मी आयुष्यात कधी गप्प राहिलेली नाही. पहिलं वाक्य ओठांवर आलं होतं. चांगलं होतं. दुसरं त्यामागे उभं होतं. खुशबू एल्विराजवळ उभी होती, अंग पुढे झुकवून, माझ्या तोंडाकडे लक्ष लावून, मी उघडलं की लगेच उचलायच्या तयारीत. नववीत श्रुतलेखनाला बसायची तशीच.

मी तोंड मिटून ठेवलं.

मंगरूने थोडा वेळ वाट पाहिली. मग खांद्यावरचा पंचा कमरेला बांधला आणि पाण्यात उतरला. मागोमाग सगळे. एल्विरा धावत गेली.

पुस्तिकेतला अक्सिओन मी आज शाईने खोडला. वर काय लिहायचं ते खुशबूला विचारून तिच्याच हाताने लिहून घेतलं, माझ्याने स्पेलिंग चुकलं असतं. तिला शाबासकी दिली. ती मनापासून दिली की नाही, हे मला ठरवता येत नाही.

मासा इश्वरच्या घरी गेला. या क्षणी त्यांच्याकडून फोडणीचा वास येतो आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवते. ही वही कोणी वाचत नाही, म्हणून लिहिते. मी गप्प उभी होते त्या वेळी खुशबूला भाषांतर करायला काहीच मिळालं नाही, आणि याचं मला फार बरं वाटलं.